बॅटरी पॅक लाईनसाठी कामाचे कपडे: सगळ्यांना एकच डांगरी चालेल का?

वेर्णा_खरेदी

आमच्या वेर्ण्याच्या युनिटमध्ये बॅटरी पॅकची जोडणी होते. सेल तयार येतात: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), प्रिझमॅटिक (चौकोनी डब्याच्या आकाराचे), १०० अँपिअर-तास. आतापर्यंत फक्त १६ सेलचा ५१.२ व्होल्टचा पॅक होता. आता छोट्या मालवाहू गाडीसाठी १२० सेलचा, ३८४ व्होल्टचा पॅक सुरू होतोय. १५ सेलचं एक मॉड्यूल, अशी ८ मॉड्यूल. लाईनवर ३४ माणसं, त्यांत १४ महिला.

स्टेशनं अशी: सेल तपासणी, मॉड्यूल रचणं, बसबारचं (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचं) लेझर वेल्डिंग, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि सेन्सिंग हार्नेस (त्याच्या मोजणीच्या तारा), मॉड्यूल ट्रेमध्ये बसवून एकमेकांना जोडणं, आणि शेवटी चार्ज-डिस्चार्ज चाचणी.

सध्या सगळ्यांना ६५/३५ पॉलिकॉटनची पँट आणि टीशर्ट आहे. कोटेशनं तीन आलीत: कार्बन धाग्याचा ईएसडी (स्थिर विजेपासून माल वाचवणारा) कोट, ३५० जीएसएमची (ग्रॅम प्रति चौरस मीटर) एफआर (सहज पेट न घेणारी) कॉटन डांगरी, आणि 'दोन्ही गुण एकात' असं सांगून एक महागडी अँटिस्टॅटिक एफआर डांगरी. वरून आदेश आहे की सगळ्यांना एकच द्या, म्हणजे स्टोअरला सोपं. हे बरोबर आहे का? आणि हातमोजे, बूट कुठले घ्यायचे?

पॅक_फोंडा

स्टोअरला सोपं, लाईनला नाही. ईएसडी कोट माल वाचवतो, एफआर डांगरी माणूस वाचवते आणि रबरी हातमोजा शॉक अडवतो. कामं वेगळी, त्यामुळे कपडा स्टेशननुसार ठरवा.

सगळ्यात आधी ६० व्होल्ट डीसीची रेघ ओढा. आयएसओ ६४६९-३ मध्ये ६० व्होल्ट डीसीपर्यंत 'अ' वर्ग आणि त्यावर १५०० पर्यंत 'ब' वर्ग आहे. तुमचा जुना पॅक पूर्ण चार्जला १६ × ३.६५ = ५८.४ व्होल्ट, म्हणजे काठावर पण खाली. नवीन मॉड्यूल ५४.७५ व्होल्ट, तेही खाली. पण ८ मॉड्यूल जोडलीत की पूर्ण चार्जला ४३८ व्होल्ट. म्हणजे वेल्डिंग, हार्नेस ही सगळी कामं ६० व्होल्टच्या आतच होतात. ती रेघ ओलांडली जाते फक्त मॉड्यूल एकमेकांना जोडताना आणि चाचणीत. तिथे किती माणसं लागतात? फार तर ६ ते ८. जाड महाग एफआर कपडे तेवढ्यांनाच लागतात.

आता आर्कचा, म्हणजे शॉर्ट झाल्यावर हवेतून उडणाऱ्या विजेच्या झोताचा, अंदाज. डीसीसाठी साधं सूत्र आहे: ०.०१ × व्होल्टेज × आर्कचा करंट × सेकंद, भागिले अंतराचा वर्ग, अंतर सेंटिमीटरमध्ये. उत्तर कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर. आर्कचा करंट शॉर्ट सर्किट करंटच्या निम्मा धरतात. सेलचा अंतर्गत रोध ०.५ मिलिओहम धरला (तुमच्या डेटाशीटमधला आकडा घाला), तर १२० सेलचे ६० मिलिओहम, जोडांचे २० धरा, एकूण ८०. ३८४ ला ०.०८ ने भागलं की ४८०० अँपिअर. आर्क २४००. दोन सेकंद आणि ४५ सेंटिमीटर अंतर धरलं तर उत्तर सुमारे ९.१ येतं. दुसऱ्या अंशाचा भाजण्याचा उंबरठा १.२ आहे. बाजारात सर्रास मिळणारी डांगरी ८ कॅलरीची. म्हणजे पूर्ण पॅक जोडलेला असताना ती अपुरी.

पण मधला सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅकची साखळी मधोमध तोडणारी लिंक) काढून काम केलं तर? व्होल्टेज १९२ होतं, रोधही अर्धा होतो, त्यामुळे करंट तोच ४८०० राहतो. लोकांना वाटतं करंट अर्धा होईल, तो होत नाही. ऊर्जा मात्र अर्धी, सुमारे ४.६. मोकळ्या हवेच्या या हिशोबात ८ कॅलरीची डांगरी पुरते आणि थोडी गुंजाइशही राहते. ती गुंजाइश लागते, कारण ट्रेच्या तीन बाजू बंद असतात आणि उष्णता उघड्या बाजूने, म्हणजे माणसाकडेच येते. म्हणून शेवटची लिंक सगळ्यात शेवटी, आणि ती बसवेपर्यंत पॅकचे दोन अर्धे सुटे, अशी कार्यपद्धती आधी लिहा. कपड्याची ऑर्डर त्यानंतर.

पॅकमधल्या फ्यूजवर विसंबू नका. फ्यूज ज्या जागी आहे त्याच्या एकाच बाजूला, त्याच अर्ध्या साखळीत शॉर्ट झाला तर फ्यूजमधून करंट जातच नाही. आणि बॅटरीला मेन स्विच नसतो. बंद करून कुलूप लावणं हा प्रकार सेलना लागू नाही.

५१.२ व्होल्टच्या पॅकला याच हिशोबाने सुमारे १.२ येतं, म्हणजे उंबरठ्यावरच. तिथे धोका आर्कपेक्षा पाना पडून उडालेल्या वितळलेल्या तांब्याचा आणि तापलेल्या अंगठीचा. त्यासाठी साधा जाड १०० टक्के सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा, पुरतो. पॉलिकॉटन टीशर्ट मात्र आधी काढा. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. डांगरीच्या आत फुटबॉलची जर्सी घालून येणारे आपल्याकडे कमी नाहीत. नियमात साफ लिहा: आतले कपडेही सुती.

ईएसडी_तपासनीस

वरच्या हिशोबाशी सहमत. तिसऱ्या कोटेशनबद्दल: त्या डांगरीवर बहुधा ईएन ११४९-५ लिहिलेलं असेल. तो मापदंड स्फोटक वातावरणात कपड्यातून ठिणगी पडू नये म्हणून आहे. बीएमएसचे चिप वाचवायला आयईसी ६१३४०-५-१ चा कार्यक्रम आहे आणि कपड्याची चाचणी आयईसी ६१३४०-४-९ प्रमाणे, दोन बिंदूंमधला रोध १०¹¹ ओहमच्या खाली. एक प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्याचं काम होत नाही. विक्रेत्याला थेट विचारा, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंतचा रोध किती? शिवणीत कार्बन धागे जुळलेले नसले की प्रत्येक तुकडा एकटा चांगला आणि बाही कोटापासून तुटलेली, असं हमखास होतं.

गोव्यात आणखी एक फसगत होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी आर्द्रता असते की साधा सुती शर्टही ईएसडी मीटरवर पास होतो. तोच कपडा एसी आणि डिह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीत नापास. प्रयोगशाळेत चाचणी १२ टक्के आर्द्रतेला करतात ती याचसाठी. नमुना तपासायचा तर तुमच्या बीएमएसच्या खोलीत २४ तास लटकवून, दार बंद ठेवून, तिथेच मोजा. उघड्या शेडमध्ये मोजलेला आकडा बिनकामाचा.

बूट. ईएसडी बूट १०⁸ ओहमच्या खाली आणि माणूस, बूट, फरशी मिळून १०⁹ च्या खाली हवं. अँटिस्टॅटिक बुटाला खालची मर्यादा १०⁵ ओहमची आहे आणि ती साधारण २५० व्होल्टपर्यंतचा शॉक मर्यादित राहावा एवढ्यासाठीच. ४३८ व्होल्टच्या स्टेशनवर बूट हे संरक्षण मानू नका. तिथे आयएस १५६५२ ची इन्सुलेटिंग मॅट टाका, मॅटवर ईएसडी बुटांनीच उभं राहू द्या. प्रत्येक वेळी बूट बदलायला लावलं तर कुणी बदलणार नाही. बोटांवरची टोपी कंपोझिटची घ्या, २०० ज्यूलचीच, म्हणजे धातू नको.

मनगटपट्टा (अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा) बीएमएस स्टेशनपाशीच सोडायचा. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे ४०० व्होल्टला करंट अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी; पण रेझिस्टर आतून शॉर्ट झालेला बाहेरून दिसत नाही, शिवाय लोंबती तार उघड्या टर्मिनलांवरून फिरते. जोडणीच्या स्टेशनच्या दारात हुक लावा, पट्टा तिथे अडकवल्याशिवाय आत नाही. हार्नेस लागल्यावर कनेक्टरला टोप्या घातल्या की पुढे ईएसडी कोटाची गरज उरत नाही. तेव्हा कोट उतरतो, एफआर चढतो. मांडणी अशी केली की 'दोन्ही गुण एकात' डांगरीचा खर्च वाचतो.

हातमोजे_डिचोली

हातमोज्यांचं सांगतो, कारण चुकीची खरेदी तिथेच जास्त होते.

आयईसी ६०९०३ मध्ये क्लास ०० म्हणजे ५०० व्होल्ट एसी, ७५० डीसी. क्लास ० म्हणजे १००० एसी, १५०० डीसी. दुकानदार '५०० वाला' म्हणतो तो एसीचा आकडा. तुमच्या ४३८ व्होल्टला क्लास ०० चालतो. माझं मत क्लास ०० च्याच बाजूचं: पातळ असतो, एम६ चा नट बोटांत पकडता येतो. जाड मोज्यात नट निसटतो, मग माणूस मोजा काढून काम करतो. रंगावरून ओळख: ०० फिकट तपकिरी, ० लाल.

रबरी मोज्यावर चामड्याचा मोजा हवाच. ट्रेच्या पत्र्याची धार रबराला टिकू देत नाही. चामड्याची मनगटाकडची कड रबराच्या कडेपासून कमीत कमी १३ मिलिमीटर आत असू द्या, नाहीतर चामड्यावरून करंट सरपटत मनगटावर येतो. आत सुती अस्तरमोजा, माणशी रोज दोन जोड्या, कारण आपल्या हवेत पहिली जोडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चिंब होते. मापासाठी तळव्याचा घेर इंचात मोजा. सगळ्यांना १० नंबर घेऊन ठेवला तर महिलांच्या बोटांची टोकं रिकामी लोंबतात आणि नट धरताच येत नाही. ७, ८ आणि ९ मागवा, १० थोडेच.

रोज वापरण्याआधी: मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडा, फुगलेला मोजा गालाजवळ धरून फुसफुस ऐका, बोटांच्या बेचक्यात ताणून चीर शोधा, मग उलटा करून तेच. एक मिनिटाचं काम. विद्युत चाचणी दर ६ महिन्यांनी, तारीख मोज्याच्या कडेवर लिहा. कपाटात पडून १२ महिने झालेले मोजे चाचणीशिवाय द्यायचे नाहीत. घडी घालून ठेवू नका, घडीवरच रबर फुटतं. आणि हाताला खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा ग्रीस असेल तर मोजा घालू नका, तेलाने रबर फुगतं.

कापण्यापासून वाचवणारे मोजे घेताना धाग्यात काय आहे ते बघा. वरच्या दर्जाच्या काही मोज्यांत स्टीलची तार विणलेली असते. पत्र्याच्या स्टेशनवर उत्तम, उघड्या सेलजवळ नको. काचधागा किंवा नुसता एचपीपीई (मजबूत प्लास्टिकचा धागा) घ्या.

खाण_ते_बॅटरी

एवढ्या गुंतागुंतीपेक्षा सगळ्या ३४ जणांना ८ कॅलरीची डांगरी देऊन टाकली तर? जास्तीचं संरक्षण कुणाला नको असतं?

पॅक_फोंडा

एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये ३५० जीएसएमची बंद डांगरी घालून दिवसभर सेल रचायला लावा, दुपारी सगळ्यांच्या चेन पोटापर्यंत उघड्या दिसतील. उघडी चेन म्हणजे शून्य संरक्षण, आणि ती सवय पुढे जोडणीच्या स्टेशनवरही जाते. घामाने ओल्या कातडीचा रोधही घटतो. जोडणी आणि चाचणीची खोली बंदिस्त करून तिथे एसी लावा, आणि ३५० ऐवजी सुमारे २४० जीएसएमचं ८८/१२ कॉटन-नायलॉन एफआर किंवा मोडॅक्रिलिक मिश्रण बघा. ८ कॅलरीच्या आसपासचं रेटिंग त्यातही मिळतं.

महिलांसाठी डांगरीऐवजी दोन तुकड्यांचा सेट घ्या, स्वच्छतागृहात जाताना सगळं उतरवावं लागत नाही. अट एकच, दोन्ही हात वर केले तरी कंबर उघडी पडता कामा नये. खिसे शक्यतो नकोतच. छातीच्या खिशातला पेन, स्क्रू थेट ट्रेमध्ये पडतो. धातूची चेन असेल तर वर पट्टी हवी, आतूनही.

लेझर स्टेशनचा वेगळा विचार करा. तिथे चष्मा त्या लेझरच्या तरंगलांबीचाच लागतो, फायबर लेझर असेल तर साधारण १०६४ ते १०८० नॅनोमीटर. चष्म्यावर तरंगलांबी आणि ओडी (प्रकाश किती अडवतो तो आकडा) दोन्ही छापलेलं असतं. वेल्डरची काळी काच तिथे चालत नाही. आणि जोडणीवर साधं पॉलिकार्बोनेटचं फेसशील्ड नको, आर्क रेटिंग असलेलंच घ्या, खाली गळा झाकणारी बालाक्लाव्हा. डांगरी ८ ची आणि चेहरा उघडा असेल तर त्या ८ ला अर्थ नाही.

वेर्णा_खरेदी

सगळ्यांचे आभार. तीन शंका. एक, अंगठी, मंगळसूत्र, गळ्यातला क्रूस यांचं काय करायचं? 'काढा' म्हटलं की वाद होतो. दोन, पावसाळ्यात धुणं. तीन, सेलला खिळा लागून किंवा दबून गळती झाली तर कुठले मोजे, कुठला मास्क?

ईएसडी_तपासनीस

अंगठी, घड्याळ, बांगड्या यांत तडजोड नाही, कारण हात टर्मिनलांमध्ये जातो. ५१ व्होल्टचा पॅकदेखील अंगठीतून हजारो अँपिअर सोडतो आणि बोट वाचत नाही. ६० च्या खाली शॉक नसतो म्हणून लोक तिथेच निर्धास्त होतात. न निघणारी अंगठी असेल तर ते बोट टेपने गुंडाळून काम भागवू नका, त्या माणसाला सेल तपासणीच्या कागदी कामाला किंवा पॅकिंगला लावा. गळ्यातलं मात्र बंद गळ्याच्या कपड्याच्या आत, वाकल्यावर बाहेर न लोंबणारं, ६० व्होल्टच्या खालच्या स्टेशनवर चालवून घेता येतं. जोडणी आणि चाचणीत तेही नाही. स्टेशनच्या बाहेर प्रत्येकाच्या नावाचा छोटा कुलूपबंद कप्पा द्या. 'कुठे ठेवू' हा प्रश्न सुटला की निम्मा वाद मिटतो. हा नियम सुपरवायझर आणि पाहुण्यांनाही.

धुलाई_म्हापसा

एफआर कपडे घरी धुवायला देऊ नका. घरच्या धुण्यात तीन गोष्टी हमखास होतात: ब्लीच, फॅब्रिक कंडिशनर आणि इस्त्रीवाल्याकडचा स्टार्च. क्लोरीन ब्लीचने प्रक्रिया केलेल्या कॉटनचा एफआर गुण जातो. कंडिशनर आणि खळ कपड्यावर स्वतः जळणारा थर देतात. कपडा दिसायला कडक, आतून गेलेला. बोअरचं जड पाणी आणि साबण यांचाही पांढरा थर बसतो, म्हणून साबण नको, द्रव डिटर्जंट आणि दोनदा खळबळणं. तापमान ६० अंशांच्या आत, किंवा लेबलवर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढंच.

साध्या हवेत माणशी ३ सेट पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात टम्बल ड्रायर नसेल तर ४ सेट धरा, किंवा ३ सेट आणि करारावर लाँड्री. ओलसर कपड्याला बुरशी धरते. कॉटन पहिल्या धुण्यांत आकसतं, त्यामुळे अंगाला घट्ट बसेल असं माप घेऊ नका. कपडा आणि अंग यांच्यातली हवाच भाजण्यापासून वाचवते. ज्यावर तेल, ग्रीस किंवा इलेक्ट्रोलाइट सांडलंय तो कपडा वेगळ्या पिशवीत, बाकीच्यांसोबत नाही. फाटला तर साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने शिवू नका, एफआर दोरा आणि त्याच कापडाचा तुकडा विक्रेत्याकडून आधीच मागून ठेवा. धुण्याची संख्या नोंदवण्यासाठी कॉलरच्या आत चौकटींची पट्टी शिवून घ्या, प्रत्येक धुण्याला एक खूण. उत्पादकाने ५० धुण्यांची हमी दिली असेल तर ५१ व्या धुण्याला तो कपडा लाईनवरून बाहेर.

रसायन_कुंडई

गळतीबद्दल. इलेक्ट्रोलाइट म्हणजे सेंद्रिय कार्बोनेटमध्ये विरघळलेलं एलआयपीएफ६ हे लिथियमचं मीठ. ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, आणि गोव्याच्या पावसाळी हवेत ओलावा शोधत फिरावं लागत नाही. पातळ नायट्राइलचे डिस्पोजेबल मोजे कार्बोनेटसमोर फार वेळ टिकत नाहीत, शिंतोडा आला की लगेच उतरवून टाकण्यापुरतेच. गळती साफ करणाऱ्याला ब्युटाइल रबरचे मोजे, आत नायट्राइल, बंद गॉगल, त्यावर फेसशील्ड आणि रसायनरोधक एप्रन. असे दोन संच लाईनजवळच्या पेटीत, स्टोअरच्या कुलपात नव्हे.

सेल सेपरेट डब्यात वाळू किंवा वर्मिक्युलाइटवर ठेवून तो डबा छपराखाली पण इमारतीबाहेर. धूर येऊ लागला तर काहीही साफ करायचं नाही, बाहेर पडायचं. धुळीचा मास्क वायू अडवत नाही आणि एफआर डांगरी हायड्रोफ्लोरिकसाठी नाही. तिथे कपड्यावर विश्वास ठेवून कुणी आत जाता कामा नये.

कातडीला लागलं तर भिजलेला कपडा ताबडतोब उतरवून भरपूर पाण्याने ५ मिनिटं धुवा, मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहा आणि वेदना नसल्या तरी १०८ ला फोन करा. जेल लावणाऱ्याच्या हातातही मोजे. डोळ्यात गेलं तर जेल नाही, फक्त पाणी, आणि तसंच धूत रुग्णालय. जेलच्या ट्यूबवर मुदत असते, दोन-तीन ट्यूब पेटीत ठेवून तारीख पेटीवर लिहा. आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवा, 'आमच्याकडे हे रसायन आहे' असं एका पानावर लिहून देऊन. रुग्णासोबत तेच पान पाठवायचं.

वेर्णा_खरेदी

समजलं. म्हणजे ८ जणांना ८ कॅलरीचा एफआर, बीएमएसच्या ६ जणांना ईएसडी कोट, बाकीच्यांना जाड सुती. शेवटचं विचारतो: विक्रेता नुसता 'एफआर सर्टिफाइड' म्हणतो. काय मागू?

पॅक_फोंडा

कपड्याच्या आत शिवलेल्या लेबलवर आयईसी ६१४८२-२ आणि एटीपीव्हीचा (कापड आर्कची किती कॅलरी झेलतं त्याचा) आकडा, किंवा बॉक्स चाचणी असेल तर एपीसी १ वा एपीसी २ (आर्कपासून संरक्षणाचे वर्ग). लेबलवर फक्त आयएसओ ११६१२ असेल तर तो ज्वाळा आणि उष्णतेचा मापदंड आहे, आर्कचा नाही. एपीसीवरून कॅलरीचा आकडा थेट निघत नाही, म्हणून तुमच्या हिशोबासाठी एटीपीव्ही असलेलाच अहवाल मागा. अहवालावरचं जीएसएम, रंग आणि कापडाचा कोड तुम्हाला मिळणाऱ्या थानाशी जुळला पाहिजे. नेव्ही ब्लूचा अहवाल दाखवून राखाडी कापड देतात.

पहिला माल आल्यावर शिवणीच्या जास्तीच्या कापडाची पट्टी उभी टांगून खालून १० सेकंद ज्योत द्या. ज्योत काढल्यावर २ सेकंदांत विझली पाहिजे, वितळून थेंब पडता कामा नये. यावरून फक्त एफआर आहे एवढंच कळतं, ८ कॅलरी कळत नाही, पण बनावट माल इथेच पकडला जातो. तीच चाचणी ५ धुण्यांनंतर पुन्हा करा. पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा: नमुना नापास तर पूर्ण लॉट परत, वाहतूक विक्रेत्याची. आणि मापं घेताना १४ महिलांची वेगळी घ्या. पुरुषांचं 'स्मॉल' पाठवलं की बाह्या तळव्यावर येतात आणि मग त्या दुमडल्या जातात.